एफीच्या घरचं लोणी

"काय टाकलंस यात?" किर्स्टीनं विचारलं.

सकाळपासून ती लोणी काढत होती. उभं लाकडी पिंप, पिंपात साय, सायीत दांडा, आणि दांड्याला लोंबकळल्यासारखी किर्स्टी. दोन तास झाले होते. वर आंबट फेस आला होता, लोण्याचा कण नव्हता.

मी दारात बसून बटाटे सोलत होतो.

"बाई, मी काय टाकणार? माझे हात बटाट्यात आहेत."

"आत्ता आहेत. मघाशी कुठं होते?"

"तुमची लाकडं फोडत होते."

"आणि परवा माझ्या नवऱ्याच्या बुटात खेकडा कुणी ठेवला?"

"आपणहून शिरला असेल. थंडी वाजली असेल त्याला."

"ऐन उन्हाळ्यात?"

आता खेकडा मीच ठेवला होता, त्यात वाद नाही. प्रार्थनेच्या घंटेला वाळका मासा बांधला होता तोही मीच. पण लोण्यात माझा हात नव्हता. हे किर्स्टीला कोण पटवणार?

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "सतरा घरांत लोणी येत नाही. दूध संध्याकाळपर्यंत फाटतं. आणि वाडीत आपला देव न मानणारा माणूस एकच आहे."

तिनं दांडा सोडला आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की माझी सुरी थांबली. हे लोक एकदा असं बघायला लागले की पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. मला तिथून घालवलं असतं तर जायला दुसरं दार नव्हतं. मग माझ्या तोंडानं नेहमीचं काम केलं. माझ्या आधी बोलून मोकळं झालं.

"बाई, सतरा घरांचं लोणी नासवायला मला सतरा जोड हात लागतील. त्यापेक्षा अठरावं घर बघा की. तिथं लोणी येतं. गोळ्यानं येतं, पिवळंधमक. मी पाहिलंय."

"कुणाच्या?"

"एफीच्या."

मी डोळा मिचकावला. पण किर्स्टी तोवर खिडकीतून एफीच्या घराकडं बघायला लागली होती.

*

मी हर्णैचा. धर्मा पावशे. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि शिडाच्या जहाजावर खलाशी होतो. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला मला ताप भरला. कप्तानानं तिथंच किनाऱ्यावर उतरवलं, "परतताना घेतो" म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

त्या किनाऱ्यावर स्कॉटलंडच्या डोंगरातल्या लोकांनी वर्षाच्या आतबाहेर वाडी वसवली होती. अठरा घरं. त्यांच्या मुलखात जमीनदारानं मेंढ्या चारायला म्हणून यांची घरं पेटवून यांना हाकललं होतं. शेजाऱ्यांपैकीच कुणीतरी जमीनदाराला फितूर झालं होतं, असं प्रत्येकजण दुसऱ्याबद्दल कुजबुजायचा. त्यामुळं माणसं कष्टाळू, देवभोळी, आणि दाराला कान लावून झोपणारी.

त्यांचा म्होरक्या अलास्टर. किर्स्टीचा नवरा, तांबडी दाढी, हात फावड्याएवढे. मी त्याच्या गोठ्यात झोपायचो, त्याची कामं करायचो. त्यांना धर्मा म्हणता येईना, म्हणून त्यांनी मला डर्मिड केलं. मला अलास्टर म्हणता यायचं, पण मी त्याला बुवा म्हणायचो. त्याला वाटायचं, आमच्याकडं साहेबाला तसं म्हणत असतील. निम्मी इंग्रजी, निम्मी त्यांची डोंगरी बोली आणि उरलेले हातवारे, असं आमचं बोलणं चालायचं.

त्यांच्यात एक समजूत होती. काही बायका म्हणे दुसऱ्याच्या दुधातलं सार चोरतात. दूध शेजारणीच्या घरी राहतं आणि लोणी चोरणारीच्या घरी निघतं. अशा बाईला काय म्हणतात तो शब्द मात्र कुणी उच्चारायचं नाही. त्यांच्या धर्मात चेटूक मानणं पाप होतं. त्यामुळं सगळे मानायचे आणि कुणी बोलायचं नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला अलास्टरनं मला जवळ बसवलं. तो असं कधी करायचा नाही.

"डर्मिड, तू एफीचं लोणी पाहिलंस?"

"पाहिलं, बुवा. पण मी आपलं मस्करीत—"

"पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"अजून काय पाहिलंस?"

"काही नाही."

"मग बघ," तो म्हणाला. "येत्या शनिवारी मी बिल्ले वाटणार आहे."

हे बिल्ले म्हणजे शिशाचे छोटे तुकडे. त्यांच्या रिवाजात वर्षातून एकदा पाद्री यायचा, प्रभूची पंगत बसायची. ज्याची वर्तणूक चांगली त्याला आधी बिल्ला मिळायचा, आणि बिल्ला दाखवेल तोच पंगतीला. ज्याला बिल्ला नाही त्याच्याशी कुणी बोलणार नाही, त्याचं शेत कापायला कुणी येणार नाही. आणि एफी तर विधवा. नवरा येताना जहाजावरच गेला, मागं ही, एक गाय आणि चार एकर. शेजाऱ्यांच्या हाताशिवाय तिचं पीक निघणारच नव्हतं.

"तिला बिल्ला नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"पुढचं जहाज येईल त्यातून जाईल," अलास्टर म्हणाला. "कुठं जायचं ते तिचं तिनं बघावं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एफीच्या कुंपणामागं जाऊन बसलो. खरं सांगतो, मनात थोडी मजाच वाटत होती. लपायला मला लहानपणापासून आवडतं.

एफी घराबाहेर आली. चाळिशीची, उंच, हाडकुळी. हातात जळतं लाकूड. ते पुढं धरून ती घराला आणि गोठ्याला मिळून फेरी घालायला लागली. यात नवल नव्हतं. गुराढोरांना बाधा होऊ नये म्हणून हे लोक विस्तवाची फेरी घालतात, आपण मीठमोहऱ्या ओवाळतो तसं. आणि फेरी नेहमी सूर्याच्या वाटेनं, म्हणजे घर उजव्या हाताला ठेवून. आपल्या प्रदक्षिणेसारखीच. लापशीसुद्धा त्याच बाजूनं ढवळतात. होडी पाण्यात घातली की आधी त्याच बाजूला वळवतात.

एफी उलटी चालली होती.

घर तिच्या डाव्या हाताला होतं. एक फेरी. दोन. तीन. आणि ओठ हलत होते.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं देवाला उलटी प्रदक्षिणा घालणारा माणूस कसला असतो ते मी आजीकडून ऐकलेलं होतं. मजा गेली. मी वाकूनच मागं सरकलो आणि जो पळालो तो थेट अलास्टरच्या अंगणात.

"उलटी?" अलास्टरनं विचारलं. "नक्की?"

"तीन वेळा, बुवा. घर डाव्या हाताला."

किर्स्टीनं छातीवर हात ठेवला.  अलास्टर उठला आणि बिल्ल्यांची कातडी पिशवी काढून त्यातला एक बिल्ला वेगळा ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. माझाच पाय ठरेना. कुंपणामागं बसतो न बसतो तोच वरून आवाज आला.

"तिथं मुंग्या आहेत, डर्मिड."

एफी कुंपणावरून वाकून बघत होती.

"आत ये. ताक घे."

आत गेलो. तिनं वाडगा पुढं केला. मी तो हातात धरून बसलो.

"पीत का नाहीस?"

"तहान नाही."

"घाम तर धो धो येतोय." तिनं वाडगा माझ्या हातातून घेतला, दोन घोट स्वतः प्यायली आणि परत दिला. "आता मी मेले तर पिऊ नको."

मी प्यायलो. थंडगार होतं! वाडीत इतर सगळीकडं ताक कोमट आणि आंबूस, हे विहिरीतून काढल्यासारखं. माझा संशय उलट वाढला.

"एफीबाय, एक विचारू? तू उलटी का फिरतेस?"

"कोण म्हणतं?"

"मी पाहिलं."

"मी सूर्याबरोबर फिरते," ती म्हणाली. "माझ्या आईनं शिकवलं तशी. सकाळी तो कुठं असतो?"

मी पूर्वेकडं बोट केलं.

"दुपारी?"

माझं बोट वर गेलं. समुद्राच्या अंगाला. उत्तरेला.

"संध्याकाळी?"

बोट पश्चिमेला गेलं, आणि मी माझ्या बोटाकडं बघतच राहिलो. ते उजवीकडून डावीकडं गेलं होतं. मी खलाशी! विषुववृत्त ओलांडलं की सूर्य उत्तरेच्या बाजूनं जातो हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. पण बघणं आणि डोक्यात शिरणं यात अंतर आहे. स्कॉटलंडात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून तिथं सूर्याची वाट उजवी. इथं ती डावी होती. वाडीतले सगळे रोज सूर्याच्या विरुद्ध फिरत होते. एकटी एफी बरोबर होती.

"आणि लोणी?" मी हळूच विचारलं.

ती मला घरामागं घेऊन गेली. तिची दूधखोली दक्षिणेच्या भिंतीला होती. दगडी, ओलसर, ऊन म्हणून कधी पडत नसेल. मला बाकीच्या सतरा आठवल्या. सगळ्या उत्तरेला. त्यांच्या मुलखात घराची थंड बाजू उत्तर. इथं आल्याआल्या ढगाळ हिवाळ्यात घाईनं घरं उभी केली, हातानं सवयीप्रमाणं दूधखोली उत्तरेला बांधली, आणि उन्हाळा लागल्यावर ती भट्टी झाली.

"तुला कसं कळलं?"

"मला कुणी घर बांधून दिलं नाही," एफी म्हणाली. "हिवाळाभर तंबूत होते. तंबूच्या कुठल्या बाजूचं गोठलेलं दहिवर शेवटी वितळतं ते रोज दिसायचं."

"मग इतरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. किर्स्टीला. म्हणाली, विधवेनं मला दूध शिकवू नये."

*

मी धावत जाऊन अलास्टरला सगळं सांगितलं. सूर्य, तंबू, दहिवर, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तिच्या घरी काही प्यायलास?"

"ताक."

"हं," तो म्हणाला. किर्स्टीनं डोळे मिटले.

संपलं! एफीविरुद्ध बोललो तेव्हा माझा शब्द खरा होता. तिच्या बाजूनं बोललो तर मला तिनं ताकातून काहीतरी पाजलेलं होतं.

मग म्हटलं, सांगून नाही तर करून दाखवू. दिवसभर तापलेली दूधखोली रात्रीही निवायची नाही, म्हणून त्या संध्याकाळी किर्स्टीची सायीची भांडी गुपचूप उचलली आणि घरामागच्या लाकडांच्या खोपीत, दक्षिणेच्या बाजूला ठेवली. किर्स्टी उठायच्या आत परत जागच्या जागी. दोन दिवस असं केलं. तिसऱ्या दिवशी तिनं दांडा हलवला, आणि अर्ध्या तासात लोण्याचा गोळा! मी तोंड उघडणार, तोच किर्स्टी गुडघ्यावर बसली.

"बघितलंत? तिला बिल्ला द्यायचा नाही ठरलं, आणि लोणी आलं!"

दुपारपर्यंत ही बातमी सतरा घरी गेली होती. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी भांडी हलवलीच नाहीत. लोणी आलं नाही.

"आता चिडलीय ती," किर्स्टी म्हणाली.

लोणी आलं तर एफी दबली, नाही आलं तर एफी चिडली. आता सांगा, अशा लोकांशी काय करायचं? मला तरी एकच विद्या येत होती.

*

शनिवार उजाडला. अलास्टरनं स्वतःच्या हातानं बांधलेली नवी होडी त्या दिवशी पाण्यात जायची होती. ती घेऊन पलीकडच्या बंदरातून पाद्रीला आणायचं, पण त्याआधी होडीची पहिली फेरी आणि मग किनाऱ्यावरच बिल्ले वाटायचे. सगळी वाडी वाळूवर जमली होती. एफीही आली होती. तिच्याभोवती दहा पावलं वाळू रिकामी होती.

वल्ह्यांवर चार गडी. पुढं अलास्टर, कमरेला बिल्ल्यांची पिशवी. सुकाणूवर मी, कारण तेवढं काम माझ्यासारखं कुणाला येत नव्हतं.

खोल पाण्यात आलो. अलास्टर उभा राहिला.

"तीन फेऱ्या," तो म्हणाला. "सूर्याच्या वाटेनं."

"बुवा," मी म्हणालो, "पहिलीच होडी आहे. मी परक्या धर्माचा. काही चुकलं तर बोल माझ्यावर येईल. तुम्ही हातानं दाखवा, सूर्य कुठून कुठं जातो. तुमचं बोट जाईल तशी मी होडी वळवतो."

"एवढंही कळत नाही?"

"अडाणी आहे, बुवा."

वल्ह्यांवरचे गडी हसले. अलास्टरनं सुस्कारा टाकला आणि हात लांब केला.

"तिथं उगवतो." बोट उजवीकडच्या सुळक्यावर. मी सुकाणू धरलं.

"मग वर येतो." बोट समोरच्या समुद्रावर. मी होडी वळवायला लागलो.

"आणि तिकडं—" बोट डावीकडच्या सुळक्यावर गेलं.

होडी डावीकडं वळली होती. अर्धी फेरी झालीसुद्धा.

किनाऱ्यावरून आरोळी उठली. "उलटी! अलास्टर, उलटी!" बायका ओरडत होत्या. किर्स्टीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"काय केलंस हे?" अलास्टर माझ्यावर गरजला.

"तुमच्या बोटामागं आलो, बुवा."

त्यानं बोटाकडं पाहिलं. ते अजून हवेतच होतं. मग सूर्याकडं पाहिलं. पुन्हा पूर्वेचा सुळका, समुद्र, पश्चिमेचा सुळका. गड्यांची वल्ही थांबली. त्यातला एक म्हातारा तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायला लागला.

होडीचं तोंड आता वाडीकडं होतं. पाण्यावरून सगळी घरं एका रांगेत दिसत होती. सतरा दूधखोल्या समुद्राकडं तोंड करून बसल्या होत्या आणि सतराही झरोक्यांत ऊन भसाभस शिरत होतं. अठराव्या घराची समोरची भिंत कोरी होती.

मी काही बोललो नाही. आयुष्यात ज्या मोजक्या प्रसंगी मी तोंड बंद ठेवलं त्यातला तो एक.

 आता अलास्टरपुढं दोनच वाटा होत्या. होडी उजवीकडं वळवायची, तर चार गड्यांसमोर सूर्याच्या विरुद्ध जायचं. डावीकडं वळवायची, तर साऱ्या वाडीसमोर एफी बरोबर ठरायची. किनारा ओरडत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता.

"बुवा, कुठं?" मी विचारलं.

"सांगितलं ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सूर्याच्या वाटेनं."

तीन फेऱ्या. तिन्ही डावीकडून. तिसरीपर्यंत किनाऱ्यावरची आरडाओरड थांबली होती.

होडी वाळूला लागली. अलास्टर गुडघाभर पाण्यातून चालत गेला, थेट एफीपर्यंत. कोटाच्या खिशातून तो वेगळा ठेवलेला बिल्ला काढला आणि तिच्या हातावर ठेवला.  मग वळून बाकीच्यांना वाटायला लागला.

*

आता तुम्हाला वाटेल, मिटलं. मी पण तसंच समजलो होतो.

रविवारी पंगत बसली. मला आत जागा नव्हती, मी दारातून बघत होतो. एफी बाकावर बसली. तिच्या उजवीकडची जागा रिकामी राहिली. डावीकडचीही. त्या आठवड्यात सतरा घरांनी मुकाट दूधखोल्या पाडून मागं बांधल्या. लोणी यायला लागलं. पण एफीकडं कुणी गेलं नाही. तिच्यामुळं म्होरक्या सगळ्यांसमोर चुकला होता, हे त्यांना गिळवेना.

आणि माझं काय झालं? कुणीतरी मला भल्या सकाळी सायीची भांडी नेताना पाहिलं होतं. मग हिशेब सोपा होता. सायीला हात लावणारा कोण? होडी उलटी फिरवणारा कोण? सूर्याची वाट बदललीय हे ज्याला आधी कळलं, त्यानंच ती बदलली नसेल कशावरून?

जहाज आलं. अलास्टर गोठ्यात आला.

"कुणीतरी एक जायला हवं, डर्मिड. त्याशिवाय लोकांना चैन पडणार नाही."

"बुवा, तुम्हाला खरं ठाऊक आहे."

"आहे," तो म्हणाला. "भाकरी बांधून ठेवलीय." आणि खाली मान घालून निघून गेला.

मला जहाजावर सोडायला तीच होडी. सगळी वाडी वाळूवर उभी, मी जातोय याची खात्री करायला. एफी एकटीच पुढं आली. बाकीचे तीस पावलं मागं, कान टवकारून. पण लाटांच्या आवाजात त्यांना ऐकू जात नव्हतं.

"एफीबाय," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलं. तुझं नाव पहिल्यांदा मी घेतलं होतं. मस्करीत. माझ्यावर येत होतं म्हणून."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"किर्स्टी त्याच संध्याकाळी माझ्या दारात ओरडून गेली. डर्मिडनं पाहिलंय म्हणाली."

म्हणजे कुंपणामागून मला आत बोलावलं तेव्हा हिला सगळं माहीत होतं.

"मग अलास्टरला सांगायचंस की, हा माझ्यावर ढकलतोय म्हणून. माझ्याबद्दल काहीही सांगितलं असतंस तरी त्यांनी लगेच खरं मानलं असतं."

"मानलं असतं," एफी म्हणाली. "म्हणून तर नाही सांगितलं."

मी तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. सगळे डोळे आमच्यावर होते. ही त्यांच्यात राहणार होती. पीक कापणीला आलं होतं.

"एक काम कर," मी म्हणालो. "माझ्या थोबाडीत दे. जोरात. सगळे बघतायत. तू मला झिडकारलंस की तू त्यांची झालीस. उद्या किर्स्टी आपणहून कोयता घेऊन तुझ्या शेतात येईल."

तिचा हात उठेना.

"शेवटची मस्करी," मी म्हणालो. "त्यांची. आपण दोघांनी केलेली."

तिनं हात उचलला. फाडकन आवाज झाला. मागं कुणीतरी "शाब्बास!" म्हणून ओरडलं. मला वाटतं किर्स्टीच. मी ठरल्याप्रमाणं गाल धरून कळवळल्यासारखं केलं आणि हसू दाबत होडीकडं वळलो.

तिनं माझा खांदा धरून मला परत फिरवलं आणि दुसरी दिली.

ठरली होती एक. दुसरी तिची स्वतःची होती.